चौथ्या पायाखालची फळी

गाडीचा मागचा डावा पाय जमिनीत शिरला तेव्हा मी तीन मजल्यांच्या उंचीवर एका बकेटमध्ये उभी होते. बकेट म्हणजे फायबरचा कंबरेएवढा डबा. गाडीवरच्या लांब लोखंडी हाताच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला तो लावलेला असतो आणि त्यात दोन माणसं जेमतेम मावतात. दुसरं माणूस माझी सून होती. आधी बकेट थोडी हलली. मग ती एका अंगाला गेली आणि जातच राहिली. समोरच्या पत्र्याच्या शेडचं छप्पर तिरकं दिसायला लागलं. माझ्या हातात नारळ होता, तो सुटला. खाली पडून फुटल्याचा आवाज वरपर्यंत आला. तो तसाही फोडायचाच होता.

मग खालची माणसं ओरडायला लागली. सगळे एकच ओरडत होते, खाली घ्या, खाली घ्या.

माझ्या वयाची बाई तिथं वर काय करत होती, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. म्हणून आधी ते सांगते.

माझ्या मुलाचा धंदा दिव्यांचा आहे. सुकापूर आणि नवीन पनवेलच्या सोसायट्यांचे खांबावरचे दिवे, गेटवरचे कॅमेरे, दुकानांच्या पाट्या, हे सगळं लावायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं. तो ते शिडीवरून करायचा. एकदा सुकापूरला एका सोसायटीत वॉचमनने शिडी धरली होती. गाडीने हॉर्न दिला म्हणून वॉचमन गेट उघडायला गेला. शिडी सरकली आणि मुलगा पडला. पायात सळई घातली. चालतो, पण चढता येत नाही.

सून तोवर फोन घ्यायची आणि बिलं करायची. नवरा खाटेवर असताना तिने काम शिकून घेतलं आणि ती शिडीवर चढायला लागली. तो खाली उभा राहून सांगायचा, ती वर करायची. गावात बोलणी झाली. माझी जाऊ शेजारीच राहते. ती ओट्यावर येऊन म्हणाली, "सून खांबावर नि पोर खाली. उलटंच घर हाय तुमचं."

मी म्हटलं, "पडली तर झेलायला तू ये."

बोलले खरी, पण मला ते आवडत नव्हतं. बायकांनी चढू नये असं माझं काही नाही. मी स्वतः मिठाच्या आगरात पुरुषांच्या बरोबरीने पाट्या वाहिल्या आहेत. पण त्याच शिडीवरून आमचा एक माणूस खाली आला होता आणि दुसरा त्याच शिडीवर चढत होता. एक दिवस मी दोघांना बसवून सांगितलं की शिडी विकून टाका. बकेटची गाडी घ्या, नाहीतर धंदा बंद करून आपल्या जागेत ट्रक उभे राहतात त्या पार्किंगच्या भाड्यावर बसा. सून म्हणाली, तिलाही तेच हवं होतं, बोलायचं कोणी एवढंच राहिलं होतं. अशी गाडी भाड्याने मिळते, पण मालक हवी त्या दिवशी देत नाही. नवी आम्हाला परवडणारी नव्हती. म्हणून जुनी.

कळंबोलीच्या पुढे जुन्या गाड्यांचं एक यार्ड आहे. आम्ही तिघं गेलो. मी कशाला, असं मुलगा म्हणाला. मी म्हटलं, मला घरी बसून ऐकायचं नाही. तिथं डंपर, टँकर, क्रेन एकाला एक खेटून उभे होते आणि त्यांच्या सावलीत कुत्री झोपली होती. बकेटच्या गाड्या दोनच होत्या. एक पिवळी, नवा रंग दिलेली, टायरसुद्धा काळे करून चमकवलेले. दुसरी कधीकाळी पांढरी असावी. दरवाजावरचं जुन्या मालकाचं नाव वरून ब्रश फिरवून पुसलेलं होतं. बकेटला एका बाजूला ठिगळ होतं. बूमवर वेल्डिंगच्या जागा दिसत होत्या आणि सांध्याला तेल लागलेलं होतं.

मुलगा पिवळीपाशी जाऊन उभा राहिला तो हललाच नाही. त्याने ती चालू केली, लगेच चालू झाली. त्याने दार उघडून लावलं, पुन्हा उघडलं. सून पांढरीच्या खाली वाकून बघत होती.

मला यंत्रातलं काही कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला एकच सुचलं. यार्डवाल्याला म्हटलं, तू स्वतः वर जाऊन दाखव. मला वाटलं होतं, ज्या गाडीत काही खोट असेल त्या गाडीत तो बसायला कां कूं करेल. तो हसला, म्हणाला, "अम्मा, मी तर रोज बसतो." आणि तो दोन्ही गाड्यांत बसून वर जाऊन आला. त्यामुळे काही कळलं नाही.

आम्हा तिघांबरोबर ओळखीचा एक मिस्त्रीही होता. त्याने दोन्ही गाड्यांखाली झोपून बघितलं, कपडे झटकले आणि म्हणाला की दोन्ही जुन्या आहेत, जुन्याला जे होतं ते होणारच. कागद दोन्हींचे ठीक होते. म्हणजे निवड आमच्यावरच आली.

घरी आल्यावर जेवताना दोघांचं वाजलं. मुलाचं म्हणणं, अशी ठिगळाची गाडी घेऊन सोसायटीच्या गेटात शिरलो तर सेक्रेटरी आतच घेणार नाही. त्याचं खोटं नव्हतं. पाय गेल्यापासून तो लोकांसमोर जपून वागतो. नीट इस्त्रीचा शर्ट घालतो. गाडी म्हणजे त्याला शर्टासारखीच होती.

सून म्हणाली, "हिचं जे मोडलंय ते दिसतंय. तिचं रंगाखाली हाय."

तो म्हणाला की रंग दिला म्हणजे खालचं सडकंच असतं असं नाही. तेही खरं.

"गाडी लोक खालनं बघतील," ती म्हणाली. "वरनं मी एकटी बघणार."

मला दोघांनी विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं की वर जाणार ती, तर ठरवणारही ती. त्याने ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला. रागावला होता, पण सकाळी त्यानेच यार्डवाल्याला फोन केला. पांढरी गाडी एक दिवस आमच्याकडे पाठव, चालवून बघू, पटली तर ठेवू, असं ठरलं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. घरात कुठलंही नवं वाहन आलं की त्यात पहिल्यांदा घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने बसायचं, नारळ हातात घेऊन. ही रीत मी माहेराहून आणली. माझं माहेर करंज्याचं. तिथं आमच्या घरात नवी होडी पाण्यात जायच्या आधी माझी आजी तिच्यात बसायची. सासरी होडी नव्हती, मग टेम्पो आला त्यात मी बसले. मोटारसायकल आली तर तिच्यावर मागे बसून नाक्यापर्यंत जाऊन आले. मुलाचं म्हणणं, या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलीस तरी चालेल. मी म्हटलं, जिथं काम होतं तिथं बसायचं. या गाडीचं काम वर आहे.

जाऊ म्हणाली, "होडी असती तर डोलकाठीवर बसली असतीस का?"

सून म्हणाली, ती मला नेते. माझं वजन असं किती आहे.

गाडी आली ती आमच्या पार्किंगच्या जागेत उभी केली. जाऊ पुन्हा बोलली की अजून आपली झाली नाही आणि हार कसला घालता. मी म्हटलं, माणूस आज वर जाणार आहे, तर पूजा आज. यात मला अजूनही काही चुकीचं वाटत नाही.

ही जागा पूर्वी आमच्या सासऱ्यांचं मिठागर होती. खाडीचं पाणी चौकोनी कोंड्यांमध्ये घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं. मी लग्न होऊन आले ती याच कोंड्यांत उतरले. नंतर मिठाचं काम गेलं. आजूबाजूला भराव पडला, आम्हीही मुरूम टाकून घेतला आणि जागा ट्रक उभे करायला भाड्याने दिली. मधल्या पट्ट्यात रोज दहाचाकी उभे राहतात, तिथली जमीन दगडासारखी झाली आहे. कडेला तसं नाही. कडेला वरचा मुरूम म्हणजे टोपावरचं झाकण आहे, खाली मांडीएवढा चिखल तसाच आहे. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी कोणाला आठवलं नाही.

अशा गाडीला वर जाण्याआधी चार पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवावे लागतात, म्हणजे ती कलंडत नाही. त्या पायांखाली जाड लाकडी फळ्या घालायच्या असतात, भार पसरावा म्हणून. यार्डच्या ड्रायव्हरने चार फळ्या काढून चार बाजूंना ठेवल्या. तेवढ्यात पूजेला पाट हवा होता. पाट घरात, घर रस्त्यापलीकडे. जाऊने समोर पडलेली एक फळी उचलली, नळावर धुतली, तिच्यावर रांगोळी काढली, हळदकुंकू लावलं, तांदूळ ठेवले आणि वर कलश मांडला. छान मांडला होता. मी पूजा केली, बूमला हार घातला, चाकांना कुंकू लावलं.

मग ड्रायव्हर पाय टेकवायला लागला. तीन पायांखाली फळ्या गेल्या. चौथी घ्यायला तो आला तर जाऊ आडवी झाली.

"पूजेची फळी हाय ती," ती म्हणाली. "तिच्यावर गाडीचा पाय देशील?"

तो बिचारा परगावचा माणूस. त्याने हात मागे घेतला आणि माझ्या मुलाकडे बघितलं. जमलेल्या बायकांनीही माना हलवल्या. ज्याची पूजा केली ते त्याच दिवशी पायाखाली घालायचं हे कोणालाच पटणारं नव्हतं. मुलाने काठीने जमीन ठोकून बघितली आणि म्हणाला, इथं दहाचाकी उभे राहतात, टेकव तसाच. मी तेव्हा बकेटमध्ये चढत होते. स्टुलावर एक पाय आणि सून मला वर ओढतेय. मला मागचं काही दिसलं नाही.

चौथा पाय मुरमावर टेकला. मधल्या पट्ट्याच्या बाहेर, जुन्या कोंडीवर.

आम्ही वर गेलो. सरळ वर जाताना काहीच झालं नाही. वरून आमचं छप्पर दिसलं, त्यावर कोणाची तरी चप्पल पडलेली दिसली. बूम कुठवर पोचतो ते बघायला सुनेने तो डावीकडे फिरवून बाहेर काढला, कारण सोसायटीत खांब कधी गाडीच्या जवळ नसतो. भार त्या पायावर आला आणि पाय आत गेला.

आता मी सुरुवातीला सांगितलं तिथं आपण परत आलो. सगळे खाली घ्या म्हणून ओरडत होते. बकेट चालवायचे दांडे वर बकेटमध्ये असतात, तसेच गाडीच्या मागे खालीही असतात, त्यांनी ती खालून चालवता येते. खालचा दांडा धरला की वरचा चालत नाही. तिथं माझा मुलगा उभा होता आणि त्याने दांडा धरला होता. तो आम्हाला खाली आणणार होता. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं, त्यात तो स्वतः पडलेला माणूस.

सून ओरडली नाही. ती आधी खाली बघत होती, मग बूमकडे. मला म्हणाली, "आई, खाली बसा." मी बकेटच्या तळाला बसले. बसल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. समोर फक्त तिचे बूट होते.

मग तिने त्याला सांगितलं, "अहो, हात काढा."

त्याने काढला नाही, हे मला कळलं, कारण ती पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही. भाजी घेताना भाव सांगतात तसं म्हणाली, "हात काढा. मी वर हाय. मला दिसतंय."

पुढचं मी नंतर जमलेल्यांपैकी एकाने काढलेल्या व्हिडिओत बघितलं. त्याने दोन्ही हात काढले आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखे वर धरून उभा राहिला. शेजारी यार्डचा ड्रायव्हर त्याच्यावर ओरडतोय, जाऊ ओरडतेय, आणि तो हात वर करून बायकोकडे बघतोय. लग्नात त्याने तिच्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

तिने बकेट खाली घेतली नाही. बाजूला घेतली. हळू, इतकी हळू की मला वाटलं बंदच पडली. ज्या अंगाला पाय खचला होता तिथून बूम फिरवून तिने गाडीच्या पुढच्या बाजूवर, ड्रायव्हरच्या केबिनवर आणला. खाली घेतली असती तर बूम आणखी बाहेर पसरला असता, सगळा भार त्याच पायावर गेला असता आणि गाडी आमच्या अंगावर आली असती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रात्री जेवताना तिने पेल्यावर चमचा ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. पेला पडलाही आणि ताक सांडलं.

तेवढा वेळ मी काय करत होते, तर तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती, ती बांधत होते. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मला बुटाचं फूल बांधता येत नाही. मिठाच्या गोणीला मारतात ती गाठ मारली. नंतर ती सुटेना, सुरीने कापावी लागली आणि सुनेला नवी नाडी घ्यावी लागली.

केबिनवर आल्यावर तिने बूम दुमडला आणि आम्ही खाली आलो. मला दोघांनी धरून उतरवलं. जाऊ खाली वाकून नारळाचे तुकडे गोळा करत होती. ड्रायव्हरने पाय वर उचलला तर खड्ड्यात काळा चिखल होता. खाडीचा वास आला. मी तो वास पुष्कळ वर्षांनी घेतला.

मुलगा म्हणाला, गाडी परत पाठवू. पहिल्याच दिवशी असं झालं, ही नको. पिवळी घेऊ, नाहीतर कुठलीच नको. बोलता बोलता त्याने दोन्ही हात खिशात घातले.

सुनेने ड्रायव्हरला गाडी मधल्या पट्ट्यात घ्यायला सांगितली. पुन्हा पाय टेकवायची वेळ आली तेव्हा तीनच फळ्या होत्या. सगळे कलशाकडे बघायला लागले. मी बोलणार होते, पण त्याआधी जाऊच पुढे झाली. तिने कलश उचलून बाजूला ठेवला, तांदूळ पदरात घेतले, फळीला हात लावून नमस्कार केला आणि ती स्वतः नेऊन चौथ्या पायाखाली सरकवली.

"घाल आता," ती ड्रायव्हरला म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "तुला सांगितलं व्हतं, अजून आपली झाली नाय म्हणून." तिची बोलायची जागा होती, बोलली.

सून एकटी वर गेली. मुलगा दांड्यांपाशी उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. तिने बूम सगळीकडे फिरवला, डावीकडे जास्त वेळ बाहेर ठेवला, खाली आली आणि म्हणाली, "हीच."

"का?" त्याने विचारलं.

"वाकडी झाली तरी माझं ऐकत व्हती. तुमीपण ऐकलं. अजून काय बघायचं?"

तेव्हा कुठं माणसं हसली. खोबरं वाटलं गेलं. ड्रायव्हरनेही घेतलं.

गाडी आता आमची आहे. बूमच्या सांध्याचं तेल थांबवायला मिस्त्रीने दोन पाइप बदलले. ठिगळ तसंच आहे. सोसायटीचे सेक्रेटरी गेटात घेतात, फक्त एकाने विचारलं की ही गाडी उभी राहते ना. मुलाने दरवाजावर नवं नाव रंगवून घेतलं आहे, सुनेचं. ते त्याला कोणी सुचवलं नव्हतं. पिवळी कोणीतरी घेतली म्हणे. तिचं पुढे काय झालं, चांगली निघाली की वाईट, मला माहीत नाही. फळ्यांबरोबर आता एक लहान पाटही गाडीत असतो, कुंकू लावलेला. पूजा त्याच्यावर होते, आणि चार पायांखाली चार फळ्या जातात. कोणी विचारलं तर जाऊच समजावून सांगते, जणू ही रीत तिनेच पाडली.

तो व्हिडिओ मात्र अर्धाच फिरत राहिला. त्यात गाडी कलंडताना दिसते, माणसं ओरडताना ऐकू येतात आणि पुढचं कापलेलं आहे. मी त्यात दिसत नाही, बकेटच्या कडेवरून माझ्या लुगड्याचा काठ तेवढा दिसतो. करंज्यात तो पोचला तेव्हा माझ्या भावजयीने फोन केला. मीच उचलला. तिने माझा आवाज ओळखला नाही. रडत होती. विचारलं, वरती कोण होतं नि वाचलं कोण.

मी सांगितलं, वर दोघी होतो, मी आणि माझी सून. दोघी वाचलो.